भंगार पोलाद : यंत्रे आणि प्रक्रिया

मोडीत निघालेले लोखंड निवडून, कापून, वितळवून त्यापासून पुन्हा सळई, अँगल, पत्रा किंवा ओतीव सुटे भाग तयार करणाऱ्या यंत्रांची मालिका. चुंबकी क्रेन, कात्री, बेलिंग प्रेस, श्रेडर, विजेची भट्टी, ओतकाम यंत्र आणि रोलिंग मिल हे तिचे मुख्य टप्पे. खनिजापासून झोतभट्टीत पोलाद करताना टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार विजेवर वितळवले तर हे प्रमाण बरेच खाली येते, मात्र ती वीज कोळशावरची असेल तर फायदा त्या मानाने घटतो.

महाराष्ट्रात या धंद्याचे ठळक केंद्र म्हणजे जालना. बियाण्यांसाठी नावाजलेल्या या शहराजवळ लोहखनिजाची खाण नाही आणि कोळशाचीही नाही, तरी इथल्या औद्योगिक वसाहतीतली सळई राज्यभरच्या बांधकामांवर पोहोचते. भंगार ट्रकमधून येते, स्पंज आयर्न (खनिज न वितळवता केलेले सच्छिद्र लोखंड) बाहेरून मागवले जाते आणि बाकीचे काम वीज करते. त्यामुळे विजेचा दर हा इथला जिव्हाळ्याचा विषय आहे. एक टन पोलाद वितळवायला साधारण ५०० ते ६५० युनिट लागतात. राज्य सरकारने २०१६ साली विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली, तेव्हा भट्टीवाल्यांचे तिच्याकडे इतके लक्ष का होते, ते या आकड्यावरून कळते.

लोखंड पुन्हा वितळवणे ही जुनीच गोष्ट. मोठ्या प्रमाणावर भंगारातून चांगले पोलाद करण्याची वाट मात्र १८६५ च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर-एमिल मार्तँ यांनी मोकळी केली. सीमेन्स बंधूंच्या उष्णता परत वापरणाऱ्या भट्टीत त्यांनी बिडाबरोबर भंगार वितळवले. पुढे १९०० च्या आसपास पॉल एरू यांनी विजेच्या ठिणगीवर चालणारी आर्क भट्टी उभी केली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनच्या एडविन नॉर्थ्रप यांनी गाभा नसलेली इंडक्शन भट्टी चालवून दाखवली. जालन्यातल्या भट्ट्या या नॉर्थ्रपच्या वंशातल्या. महाराष्ट्रात याच काळातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना वितळवायला दिल्या आणि किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत त्यांचे नांगर झाले.

भट्टीकडे सगळ्यांचे लक्ष जाते. प्रत्यक्षात मालाची प्रत ठरते ती आधी, यार्डात. तिथे भंगार हा एकच जिन्नस नसतो. जाड प्लेटा, गर्डर आणि रुळांचे तुकडे ‘मेल्टिंग’ म्हणून वेगळे पडतात. प्रेसशॉपमधून आलेल्या कोऱ्या पत्र्याच्या कातरणीचे बंडल चढ्या भावाने जातात. लेथवरची ‘टर्निंग’ आणि बिडाची ‘बोरिंग’ तेलकट असते आणि भट्टीत जागा खाते. गंजलेला पातळ पत्रा तर तळाच्या भावाने जातो, कारण त्यातला बराच भाग जळून जातो.

मोठे तुकडे गॅस कटरने कापतात. सळया, पाइप आणि अँगल जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या अ‍ॅलिगेटर शिअरखाली जातात. पातळ पत्रा हायड्रॉलिक बेलिंग प्रेसमध्ये तीन बाजूंनी दाबून त्याचा चौकोनी गठ्ठा करतात. गठ्ठा भट्टीत पटकन बसतो. पण त्याच्या पोटात काय दडले आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि माती किंवा दगड भरून वजन वाढवण्याची चलाखी या धंद्याला नवी नाही. म्हणून जुने खरेदीदार गठ्ठ्यापेक्षा सुटा माल बरा मानतात.

श्रेडर हे या मालिकेतले सर्वात आडदांड यंत्र. मोटारींचे सांगाडे फोडण्यासाठी ते अमेरिकेत, मुख्यतः टेक्सासमध्ये, १९६० च्या आसपास आकाराला आले. फिरत्या दांड्यावर मँगनीज पोलादाचे जड हातोडे लटकवलेले असतात आणि त्यांना फिरवायला हजारो अश्वशक्तीची मोटर लागते. आत गेलेली गाडी मुठीएवढ्या तुकड्यांनी बाहेर पडते. मग हवेचा झोत फोम, रेक्झिन आणि धूळ ओढून घेतो आणि चुंबकी ड्रम लोखंड उचलतो. उरलेला माल एडी करंट सेपरेटरवर जातो. तिथे वेगाने फिरणाऱ्या चुंबकांमुळे अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात प्रवाह निर्माण होतो आणि तो पट्ट्यावरून उडी मारून पलीकडच्या हौद्यात पडतो.

एवढे सगळे करूनही एक वस्तू चुंबकाला फसवते. वायपरची मोटर, खिडकीची मोटर, अल्टरनेटर यांच्या आर्मेचरवर तांब्याची तार गच्च गुंडाळलेली असते आणि आत लोखंड असते. चुंबक लोखंडाबरोबर ते तांबेही उचलतो. त्यामुळे श्रेडरच्या पट्ट्याशेजारी माणसे उभी करून हे गोळे हाताने वेचावे लागतात.

तांब्याची एवढी धास्ती का? कारण पोलादात एकदा मिसळलेले तांबे किफायतशीरपणे बाहेर काढण्याची पद्धत उद्योगाकडे नाही. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज आणि फॉस्फरस ऑक्सिजनने जाळून मळीत ढकलता येतात. तांब्याला ऑक्सिजनची ओढ लोखंडाहून कमी, त्यामुळे ते जागचे हलत नाही. आमटीत जास्त पडलेल्या मिठासारखी ही गत आहे: काढता येत नाही, पाणी वाढवून फक्त पातळ करता येते. बांधकामाच्या सळईत सुमारे ०.४ टक्क्यापर्यंत तांबे खपून जाते. मोटारीच्या खोल दाबाच्या पत्र्याला मात्र ०.०६ टक्क्याच्या आसपासच थांबावे लागते. त्यापुढे गेले तर लाल तापलेल्या बिलेटच्या (ओतून केलेल्या चौकोनी दांड्याच्या) पृष्ठभागावरचे लोखंड गंजून खपली धरते, न गंजलेले तांबे त्या खपलीखाली साचते, १०८५ अंशांच्या वर वितळते आणि कणांच्या सांध्यांत शिरते. मग रोलखाली बिलेटला भेगा पडतात.

भट्टी दोन प्रकारची. आर्क भट्टीत ग्राफाइटचे तीन जाडजूड दांडे वरून खाली येतात आणि त्यांच्या ठिणगीत भंगार वितळते. तिच्यात ऑक्सिजन फुंकता येतो आणि चुन्याची मळी तयार करता येते, म्हणजे वितळवण्याबरोबर शुद्धीकरणही होते. इंडक्शन भट्टीची रचना साधी आहे. पोकळ तांब्याच्या नळीचे वेटोळे, त्यात खेळते पाणी, आणि वेटोळ्याच्या आत गारगोटीच्या भुकटीचे अस्तर. या भुकटीला कारागीर ‘रॅमिंग मास’ म्हणतात. पत्र्याच्या फर्म्याभोवती ती बोरिक अ‍ॅसिडसह ठासून भरतात आणि पहिल्या हीटमध्ये (वितळणीच्या फेरीत) भाजून पक्की करतात. वेटोळ्यातून काही शे हर्ट्झचा प्रवाह सोडला की भंगारातच प्रवाह निर्माण होतो आणि ते आतून तापते. वितळलेला रस आपोआप ढवळला जातो, त्याच्या मधोमध फुगवटा येतो. ताप १६०० अंशांच्या वर गेला की पळीने थोडा रस काढून साच्यात ओततात, गार करून बिल्ला घासतात आणि स्पेक्ट्रोमीटरखाली ठिणगी देतात. थोड्याच वेळात पडद्यावर कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस आणि तांब्याचे आकडे येतात. त्यांवरून सिलिको-मँगनीज किती टाकायचे ते ठरते.

भट्टीवरच्या माणसाला भीती पाण्याची. पावसात भिजलेले भंगार, तोंड बंद असलेला सिलिंडर, न फोडलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांपैकी काहीही रसात गेले तर आतल्या पाण्याची किंवा तेलाची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ सोळाशे पटींहून अधिक जागा मागते आणि रस छपरापर्यंत उडतो. अस्तराला भेग पडून रस वेटोळ्यातल्या पाण्यापर्यंत पोहोचला तरी तोच प्रकार होतो. २००४ साली साहिबाबादजवळच्या एका कारखान्यात आयात भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन कामगार दगावले. त्यानंतर न फोडलेल्या भंगाराच्या आयातीवर तपासणीची बंधने कडक झाली.

इंडक्शन भट्टीची खरी मर्यादा दुसरीच आहे. ती वितळवते, शुद्ध करत नाही. फॉस्फरस काढायला चुन्याची आम्लारी मळी हवी, आणि गारगोटीचे अस्तर आम्लधर्मी असल्याने अशी मळी ते खाऊन टाकते. तांबे पातळ करायला स्पंज आयर्न घालावे, तर कोळशावर केलेले स्पंज आयर्न खनिजातला फॉस्फरस आपल्याबरोबर घेऊन येते. शेजारी लेडल रिफायनिंग भट्टी बसवली की गंधक कमी होतो, फॉस्फरस मात्र फारसा हलत नाही. काही कारखाने म्हणून अस्तरच बदलून अ‍ॅल्युमिनाचे करतात, पण ते महाग पडते. भारतीय मानक १७८६ मध्ये एफई ५०० सळईत गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यापर्यंत चालतात, तर भूकंपप्रवण भागांत मागितल्या जाणाऱ्या एफई ५००डी मध्ये प्रत्येकी ०.०४० पर्यंतच. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. भट्टीवर तो गाठताना नाकी नऊ येतात.

चीनने २०१७ मध्ये या भट्टीवरच घाव घातला. बांधकामाची सळई करणाऱ्या इंडक्शन भट्ट्या तिथे बंद करण्यात आल्या आणि वर्षाला १४ कोटी टनांहून अधिक क्षमता पुसली गेली. भारतात मात्र एकूण पोलादापैकी सुमारे एक तृतीयांश आजही याच भट्टीतून येते. बंदी घालण्यापेक्षा निवड, तपासणी आणि अस्तर यांवर भर देणे इथे जास्त व्यवहार्य ठरते, कारण लहान भांडवलात उभा राहणारा, जवळचेच भंगार खाऊन जवळच सळई विकणारा दुसरा पर्याय तूर्त नाही.

रस लेडलमधून (ओतण्याच्या बादलीतून) सतत ओतकाम यंत्रात जातो. पाण्याने गार राहणाऱ्या तांब्याच्या साच्यातून चौकोनी बिलेट उतरते. ते पुन्हा न तापवता थेट रोलिंग मिलकडे नेले तर इंधन वाचते. टीएमटी सळईची पद्धत १९७० च्या दशकात बेल्जियमच्या धातुसंशोधन केंद्रात विकसित झाली. शेवटच्या रोलमधून हजार अंशांच्या आसपास तापलेली सळई निघते आणि लगेच जोरदार पाण्याच्या नळकांड्यातून जाते. बाहेरची साल क्षणात कडक होते, गाभा लालच राहतो आणि कूलिंग बेडवर आतली धग सालीला पुन्हा थोडी मऊ करते. सळईचा काप घासून त्यावर सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड लावले की कडेने गडद कडे उमटते. ते सगळीकडे सारख्या जाडीचे नसेल तर पाणी एका बाजूने कमी लागले, हे लगेच समजते.

सगळे भंगार वितळतेच असे नाही. १९८३ पासून जहाजे मोडणाऱ्या गुजरातेतल्या अलंगमधून निघालेल्या जाड प्लेटा भावनगर-सिहोरच्या री-रोलिंग मिलमध्ये पट्ट्या कापून, फक्त तापवून लाटल्या जातात. इंधन वाचते, पण धातूचे घटक आहेत तसेच राहतात. मुंबईच्या दारुखान्यातही जहाजे मोडली गेली आहेत. १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू नौका विक्रांत तिथेच मोडली गेली आणि तिचा धातू बजाजने २०१६ साली आणलेल्या ‘व्ही’ मोटारसायकलच्या पेट्रोलटाकीत वापरला. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मात्र मोडलेले बीड आणि बोरिंग वितळून पंप आणि वाहनांचे सुटे भाग होतात.

किरणोत्सर्गी भंगार हा वेगळाच धोका. मेक्सिकोत १९८३ मध्ये कोबाल्ट-६० वितळून सळईत गेले. ते उघडकीस आले योगायोगाने, १९८४ च्या जानेवारीत ती सळई वाहणारा ट्रक वाट चुकून लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेच्या दारातल्या संवेदकासमोर गेला तेव्हा. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० साली कोबाल्टचेच जुने उपकरण फोडले गेले आणि एकाचा मृत्यू झाला. तेव्हापासून बंदरांच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर किरणमापक कमानी दिसू लागल्या. लहान यार्डांत त्या अजून क्वचितच आहेत.

केंद्राने २०१९ मध्ये पोलाद भंगार धोरण आणि २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांचे नियम आणले. त्याआधीच २०१८ मध्ये महिंद्र आणि सरकारी एमएसटीसी यांच्या भागीदारीतील ‘सेरो’ हे केंद्र ग्रेटर नोएडात सुरू झाले होते. अशा केंद्रात गाडीतले पेट्रोल, तेल, कूलंट आणि एसीतला गॅस आधी काढतात, बॅटरी आणि एअरबॅग वेगळ्या करतात, मग टायर आणि काचा. सांगाडा प्रेसखाली जाण्यापूर्वी डॅशबोर्डमागची तारांची जुडी ओढून काढायची असते. एका मोटारीत ती काही किलो भरते आणि ती आत राहिली तर तिचे तांबे थेट पोलादात उतरते. हे काम अजूनही बहुतेक ठिकाणी पक्कड घेतलेला कामगारच करतो.