१९ सप्टेंबर : चित्रकार सातवळेकर

वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७ साली आजच्या दिवशी सावंतवाडीजवळ कोलगावला झाला. पण त्यांचं पोट भरलं ते व्यक्तिचित्रांवर! मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ते विद्यार्थी. समोर बसलेल्याची मुद्रा तैलरंगात हुबेहूब उतरवणाऱ्या याच हातानं वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर लेख लिहिला. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्ता’तल्या त्या लेखावर १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला. पुढे लाहोरात स्टुडिओ थाटला. किर्लोस्करवाडीचे शंकरराव किर्लोस्कर तिथेच त्यांच्याकडे चित्रकला शिकले. १९१८ मध्ये पंडितजी साताऱ्यातल्या औंधला आले. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही चित्रकारच.