रचनेचे शिक्षण आणि पदवीचा अभ्यासक्रम: जयगड परिसराच्या इतिहासातून

शास्त्री नदीच्या मुखाशी, खाडीच्या दक्षिण तीरावर असलेल्या जयगडाचा इतिहास सामान्यतः किल्ला आणि बंदर यांच्या अंगाने सांगितला जातो. आदिलशाहीत उभा राहिलेला हा दुर्ग पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबरच इंग्रजांच्या हाती गेला, एवढे बहुतेक ग्रंथांत नोंदलेले असते. परंतु याच किनारपट्टीला रचनाविद्येचाही, म्हणजे पद्य वा गद्य स्वतः निर्माण करण्याच्या शिक्षणाचाही इतिहास आहे. कविता, कथा, नाटक लिहिण्याचे शिक्षण पदवीचा मुख्य विषय असावे की नसावे, असा प्रश्न आज विचारला जातो, तेव्हा ‘प्रतिभा शिकवता येत नाही’ हे उत्तर स्वयंसिद्ध मानले जाते. या परिसराचा अनुभव मात्र असे सुचवतो की रचना येथे पूर्वापार शिकवली जात होती. ती विद्यापीठाच्या बाहेर राहिली, याचे कारण प्रतिभेच्या स्वरूपापेक्षा विद्यापीठात मराठीला मिळालेल्या स्थानात अधिक आहे.

रचना शिकवता येते, हा विचार प्राचीन काव्यशास्त्रालाही परका नव्हता. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट याने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्याचे कारण सांगताना जन्मजात शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणीनुसार केलेला अभ्यास या तिन्हींना एकत्र स्थान दिले. त्याच्याही आधी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्या प्रहरवार सांगितली, तर मम्मटाच्याच शतकातील क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरण’ हा ग्रंथ होतकरू कवींच्या शिक्षणासाठी रचला. या आचार्यांच्या दृष्टीने प्रतिभा जन्मजात असली तरी तिला गुरू वर्ज्य नव्हता.

जयगडच्या आसपासच्या वाड्यांमध्ये या ग्रंथांची नावे कोणी घेत नसले, तरी गुरूकडून रचना शिकण्याची रीत शक्ती-तुऱ्याच्या रूपाने टिकून आहे. शक्ती-तुरा म्हणजे कोकणातील जाखडी नृत्याला जोडलेली शाहिरी परंपरा होय. देशावर जिला कलगी-तुरा म्हणतात तिचेच हे कोकणी रूप असून, शक्तीवाले आदिमायेचे श्रेष्ठत्व मांडतात आणि तुरेवाले शिवाचे. गणेशोत्सवाच्या दिवसांत मध्यभागी शाहीर व वादक बसतात, त्यांच्याभोवती पायात घुंगरू बांधलेले नर्तक फेर धरतात, आणि गण व गवळण आटोपली की दोन पक्षांत सवाल-जवाब रंगतात. पुराणातील एखादे कूट एका शाहिराने पद्यात घालायचे आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर पद्यातच द्यायचे, असा हा सामना असल्याने पाठांतरावर तो निभावत नाही. कथेचे ज्ञान, चालीची जाण, यमकाची तयारी आणि ऐनवेळी शब्द जुळवण्याची चपळाई या साऱ्यांचा कस तेथे लागतो.

हे सारे शिकवणारा गुरू असतो, त्याचे घराणे असते, आणि रचनेच्या अखेरच्या कडव्यात गुरूचे नाव गुंफून शिष्य आपली परंपरा जाहीर करतो. पारंपरिक चालीवर नवे शब्द बसवणे, जुन्या सवालाला नवा जवाब शोधणे आणि मग प्रत्यक्ष बारीत, म्हणजे दोन पक्षांच्या जाहीर सामन्यात, उभे राहणे अशा पायऱ्यांनी हे शिक्षण पुढे जाते. शेतकरी व कष्टकरी समाजाने ही परंपरा मुख्यत्वे जोपासली, आणि गिरणीच्या नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी ती आपल्याबरोबर तेथेही नेली. लेखनाच्या वर्गात आज जे अपेक्षित असते, म्हणजे नमुन्याचा अभ्यास, मर्यादा घालून दिलेला सराव आणि जाणकारांपुढे परीक्षा, ते सर्व या व्यवस्थेत होते. नव्हते ते केवळ प्रमाणपत्र.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आणि सरकारी शाळा आल्या, तेव्हा रचनेचे शिक्षण ग्रंथांत उतरू लागले. या कामात तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा लहान नव्हता. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू करून मराठी वृत्तपत्रलेखनाचा पाया घातला. परशुरामतात्या गोडबोले यांनी संपादिलेल्या ‘नवनीत’ या काव्यसंग्रहाने १८५४ पासून विद्यार्थ्यांपुढे जुन्या कवितेचे नमुने ठेवले आणि त्यांच्याच ‘वृत्तदर्पण’ने गण, मात्रा व वृत्ते यांचे नियम शिकवले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’ने गद्याला ऐट दिली, ती चालू असतानाच त्यांची रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात बदली झाली आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले.

याच शाळेत पुढे शिकलेले कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचा जन्म १८६६ मध्ये जयगडच्या दक्षिणेस असलेल्या मालगुंडचा. मॅट्रिकची परीक्षा १८८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाल्यावर त्यांचे औपचारिक शिक्षण थांबले आणि उरलेले आयुष्य मुख्यतः शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर गेले. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची कविता सुमारे १३५ रचनांपुरतीच होती. इंग्रजी काव्याच्या वाचनातून त्यांनी चौदा ओळींचा बंध मराठीत आणला, जुन्या अक्षरगणवृत्तांबरोबर मात्रावृत्ते हाताळली आणि स्वतःचा अनुभव कवितेच्या केंद्रस्थानी ठेवला. हे शिक्षण त्यांनी वृत्तांच्या अभ्यासातून, परभाषेच्या वाचनातून आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या समकालीन कवींच्या सहवासातून मिळवले. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांची कविता आज पदवीला अभ्यासली जाते, त्यांना स्वतःला मराठी विषय घेऊन पदवी मिळवण्याची सोयच नव्हती.

ही सोय नसण्याचे कारण मुंबई विद्यापीठाच्या धोरणात सापडते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने आरंभीची काही वर्षे देशी भाषांना परीक्षेत जागा दिली, परंतु १८६०च्या दशकातच संस्कृतसारख्या अभिजात भाषांना प्राधान्य देऊन उच्च परीक्षांतून मराठी वगळली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी ती एम.ए.च्या परीक्षेत परतली. रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापून मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा वेगळा मार्ग घालून दिला. मुंबई विद्यापीठात मात्र आपली पात्रता सिद्ध करण्याचे ओझे मराठीवर राहिले आणि ते तिने जुन्या ग्रंथांचे संपादन, व्याकरण, वाङ्मयेतिहास व समीक्षा यांच्या बळावर पेलले. संस्कृतच्या तोलाची गंभीर विद्या म्हणून मान्यता हवी असलेल्या विषयाने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या कथा-कवितांना गुण देणे संभवतच नव्हते.

परिणामी लेखनाचे शिक्षण विद्यापीठाच्या दाराबाहेर वाढले, जरी ते देणारे पुष्कळदा प्राध्यापकच होते. पुण्यात १९२३ मध्ये आकाराला आलेल्या रविकिरण मंडळाचे कवी एकत्र जमून परस्परांच्या कविता वाचत व तपासत. त्यांच्यापैकी माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ हा पद्यशास्त्राचा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. दिली. कवितेच्या शास्त्राला पदवी होती, कवितेला नव्हती. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथानक, पात्रे व निवेदन यांचे तंत्र शिकता येते असे प्रतिपादन केले. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून शिक्षक असलेले वि. स. खांडेकर त्यांच्या कलावादाला जीवनवादाने उत्तर देत राहिले, परंतु लेखकाला आपली कला कमवावी लागते हे दोघांच्याही लेखनातून दिसते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने स्वतंत्र साहित्यकृतीला पदवीच्या प्रबंधाचा दर्जा दिला, पुढे १९३६ मध्ये लेखनशाळा उघडली आणि तेथील आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात १९७०च्या दशकात मराठी कवी दिलीप चित्रे सहभागी झाले. महाराष्ट्रात मात्र हे काम संस्था, शिबिरे व नियतकालिके यांच्याकडेच राहिले. रत्नागिरीत १९९० मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर वर्षभरातच कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि तिने मालगुंडला केशवसुतांचे स्मारक उभारले. पदवीच्या वर्गांत ‘उपयोजित मराठी’ या नावाने बातमी, जाहिरात व भाषांतर यांचे लेखन आले. कथा-कवितेची रचना मुख्यतः ऐच्छिक राहिली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या नव्या रचनेत मुख्य विषय, गौण विषय आणि कौशल्याधारित अभ्यासक्रम अशी विभागणी असल्याने लेखनाला पदवीत जागा देणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ती जागा भरताना आयोवाचा आराखडा जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही. वृत्तांचा सराव, समकालीनांचे परखड वाचन आणि सवालाला ठरलेल्या बंधात जवाब देण्याची सक्ती ही साधने मराठीत, आणि विशेषतः जयगड-मालगुंडच्या पट्ट्यात, आधीपासून आहेत. महाविद्यालयाने मराठीच्या प्राध्यापकाशेजारी शक्ती-तुऱ्याच्या शाहिरालाही परीक्षक म्हणून बसवले, तर लेखनाची पदवी ही बाहेरून आणलेली नवलाई ठरणार नाही, आणि दीड शतकापूर्वी विद्यापीठाने वगळलेल्या भाषेतील रचनेला विद्येचा दर्जा मिळेल.