वाटलेले भिडू आणि बांधलेला संघ

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शहापूर व मुरबाड हे तालुके मुख्यतः खरिपाच्या भाताचे. कापणी-झोडणी उरकली, की खाचरे मोकळी होतात आणि त्याच भुईवर खेळाच्या रेघा उमटतात. अशा मैदानांवरील जुन्या हुतूतूत ‘संघ’ नावाची वस्तू नसे. दोन म्होरके उभे राहत आणि बाकीचे गडी जोडीजोडीने येऊन त्यांच्यात वाटले जात. दुसऱ्या दिवशी वाटणी पुन्हा नव्याने होई. लहानग्यास ‘कच्चा लिंबू’ म्हणून पदरी घेत. त्याचे बाद होणे हिशेबात धरीत नसत. ही रीत पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगी नाही. आजचा भिडू उद्याचा प्रतिस्पर्धी होत असल्यामुळे कोणत्याही एका बाजूचे बळ साचून राहत नसे. डाव रंगावा याची तजवीज खेळ सुरू होण्यापूर्वीच, वाटणीच्या वेळी, केलेली असे.

कायमचा संघ बांधणे म्हणजे ही वाटणी नाकारणे होय. मग समतोलाचा भार नियमांवर पडतो. कबड्डीच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. या खेळाचे संजीवनी, गमीनी व अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. गमीनीत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. दुबळ्या बाजूची माणसे जसजशी घटत, तसतसा तिचा पराभव अधिकच वेगाने जवळ येई. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजला जाई; म्हणून विषम सामन्यास हा प्रकार सर्वांत सौम्य म्हटला पाहिजे. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक गडी परत येतो. १९२१ साली महाराष्ट्रात संजीवनी व गमीनी यांचा मेळ घालून नियमांची चौकट आखण्यात आली, १९२३ मध्ये तीत सुधारणा झाली आणि पुढे संजीवनीचे तत्त्व स्थिरावले. बर्लिन येथील १९३६ चे प्रात्यक्षिक, १९५० मधील अखिल भारतीय संघटना, १९५२ ची मद्रास येथील पहिली राष्ट्रीय स्पर्धा आणि १९९० चे बीजिंग आशियाई सामने हे त्यापुढील टप्पे सर्वश्रुतच आहेत.

तथापि नियमांनी मिटेना असा एक फरक उरलाच. चढाई ही एकट्याची विद्या आहे. दम आणि चापल्य असलेला कोणीही गडी ती साधू शकतो. पकड मात्र साखळीची असते. कोपऱ्यातील गड्याने पाय धरताच शेजाऱ्याने कोणत्या क्षणी झेप घ्यावी, हे शब्दांनी शिकविता येत नाही; रोजच्या एकत्र सरावानेच ते अंगी मुरते. त्यामुळे सात चांगले हौशी गडी सात साधारण पण एकत्र मुरलेल्या गड्यांपुढे हरतात, आणि बहुधा बचावातच हरतात. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असता केलेल्या यशस्वी पकडीस जादा गुण देण्याचा अलीकडील नियम या दुखण्यावरील मलमपट्टीच होय.

या दोन तालुक्यांत रोजच्या सरावाचा प्रश्न पोटापाण्याशी निगडित आहे. शहापूरचा तरुण आसनगावहून लोकलने कल्याण-मुंबईकडे कामास जातो आणि परततो तेव्हा मैदानावर उजेड नसतो. मुरबाडला तर अद्याप लोहमार्गही नाही. संघ टिकतो तो गावात राहू शकणाऱ्यांचा. ज्याला कामासाठी बाहेर जावे लागते त्याला संघात जागा उरत नाही, आणि वाटणीचा डाव मोडला की खेळण्याचीही जागा उरत नाही. तो कडेला उभा राहून पाहणारा होतो.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि अंधार पडल्यावर खेळता येईल असे मैदान उपलब्ध झाले. २०१८ साली आलेला ‘पब्जी मोबाइल’, २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर आलेली बंदी आणि २०२१ मधील ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा क्रम परिचित आहे. चौघांच्या तुकड्यांनी लढण्याच्या या खेळात एकट्या आलेल्यास यंत्र तीन अनोळखी भिडू जोडून देते. समोर मात्र एकमेकांच्या हाका ओळखणारे चार मित्र असू शकतात. जुना पेच तो हाच. फक्त येथे वाटणी करणारा म्होरक्या माणूस नाही.

या म्होरक्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रूस्किल’ पद्धतीत संघाचे बळ म्हणजे त्यातील खेळाडूंच्या बळांची निव्वळ बेरीज मानली होती. साखळी बेरजेत बसत नाही, हे खाचरातल्या कोणत्याही गड्याने सांगितले असते. २०१८ च्या सुधारित पद्धतीत खेळाडू ठरलेल्या तुकडीसह आला आहे की नाही, हे विचारात घेण्यात आले. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळात २०१६ साली एकट्यांची व तुकड्यांची रांग एकत्र करण्यात आली. खेळाडूंच्या नाराजीनंतर २०१७ च्या हंगामात एकट्या-दुकट्यांची रांग पुन्हा वेगळी करावी लागली.

कच्च्या लिंबाचीही सोय यंत्राने केली आहे, पण उलट रीतीने. नवख्यास सांभाळून घेण्याऐवजी त्याच्यासमोर यंत्रचालित, सहज मरणारे खोटे शत्रू उभे केले जातात. तो जिंकतो, वरच्या श्रेणीत जातो, आणि तेथे त्याची गाठ प्रथमच बांधलेल्या तुकडीशी पडते.