रेडिओ दुर्बिणीच्या रिसीव्हरचे अंशशोधन

रिसीव्हरने नोंदलेला आकडा आकाशातून आलेल्या नेमक्या किती शक्तीचा, हे ठरवण्याची रीत. वेधशाळेत सरसकट ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. मोजपट्टी तापमानाची: रोधक जितका गरम तितका त्याचा विद्युत गोंगाट जास्त, म्हणून शक्ती केल्विनमध्ये सांगतात. अडचण अशी, की रिसीव्हर स्वतःही गोंगाट करतो आणि तो बहुधा आकाशातल्या संकेताहून मोठा असतो.

हा घरचा गोंगाट वेगळा काढायला दोन ज्ञात तापमाने लागतात. फीडसमोर, म्हणजे लहरी टिपणाऱ्या तोंडासमोर, आधी खोलीच्या तापमानाचा (सुमारे २९० केल्विन), लहरी शोषणारा शोषक धरतात, मग द्रव नायट्रोजनात भिजवलेला, ७७ केल्विनचा. दोन वाचनांचे गुणोत्तर ३ आले, तर २९० मधून ७७ची तिप्पट वजा करून बाकीला २ने भागायचे. रिसीव्हरचे तापमान २९.५ केल्विन. गणित शाळकरी आहे, अवघड आहे तो शोषक. फीडचे तोंड तो पुरते झाकत नसेल, तर ७७ हा आकडा कागदावरच राहतो.

थंड शोषकाचे मोल पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांच्या कामात दिसते. अमेरिकेतील होल्मडेल येथे ४,०८० मेगाहर्ट्झवर त्यांनी शिंग-अँटेनाची तुलना द्रव हीलियमने थंड केलेल्या शोषकाशी केली. डोक्यावरच्या आकाशाकडे रोखलेल्या अँटेनाचे तापमान ६.७ केल्विन भरले. त्यातले २.३ वातावरणाचे, ०.९ अँटेनाचे, उरलेल्या सुमारे ३.५ केल्विनचा हिशेब लागेना. १९६५ साली प्रसिद्ध झालेली ही शिल्लक म्हणजेच वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी. शोषकाच्या तापमानाविषयी खात्री नसती, तर ती यंत्राच्या खात्यावर टाकून मोकळे होता आले असते.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. शोषक घेऊन प्रत्येकीच्या फीडपाशी रोज चढणे अशक्यच. तिथे पहिल्या प्रवर्धकाच्या तोंडाशी ज्ञात गोंगाट सोडण्याची सोय आहे, चार पातळ्यांची. पण त्याने फक्त पुढची साखळी तपासली जाते. तबकडीसकट सगळ्याचा कस ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ या आकाशातल्या रेडिओ स्रोतांकडे (कॅलिब्रेटर) रोखून पाहतात; त्यांची तीव्रता आधीच नीट ठरलेली आहे. १ जान्स्की (रेडिओ तीव्रतेचे एकक) तीव्रतेच्या स्रोताने अशा तबकडीचे तापमान जेमतेम एक-तृतीयांश केल्विनने वाढते. तेवढे दिसते ते सरासरीमुळे: एकूण तापमान १०० केल्विन, वारंवारतेचा पट्टा १० मेगाहर्ट्झ आणि वेळ १० सेकंद धरल्यास अनिश्चितता ०.०१ केल्विनवर येते.

१५० मेगाहर्ट्झच्या आसपास मात्र आकाशगंगेचाच उजेड शेकडो केल्विन असतो. स्रोत आकाशगंगेच्या पट्ट्यात आणि कॅलिब्रेटर पट्ट्याबाहेर असेल, तर हा फरक वेगळा दुरुस्त करावा लागतो. अशा वेळी पातळी आपोआप सारखी राखणारे सर्किट चालू असले, तर आलेख सरळ रेषेत दिसतो आणि फरक त्यातच पुसला जातो.