लग्न कधी झालं?

११ नोव्हेंबर १९०६ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, प्लिमथ युनियन नावाच्या खेड्यात एस्थर डेमन वारल्या. वय ९२. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकाच्या नावानं पेन्शन घेणारी ही शेवटची विधवा. युद्ध संपलं १७८३ साली आणि बाईंचा जन्म १८१४चा. हिशेब जुळत नाही असं वाटतं, पण तो जुळतो. १८३५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पंचाहत्तरीला आलेल्या नोआ डेमन या माजी सैनिकाशी लग्न केलं होतं.

मराठी वाचकाला इथे देवलांची ‘शारदा’ आठवणारच. ते नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं तेव्हा एस्थरबाई हयात होत्या. आपल्याकडे जरठ-कुमारी विवाहावर आसूड ओढला तो मुलीच्या कळवळ्यानं. वॉशिंग्टनच्या कायदेमंडळाला असली लग्नं खुपत ती सरकारी तिजोरीपायी. म्हाताऱ्या सैनिकानं तरुण बायको केली, तर सरकारनं तिला किती वर्षं पोसायचं? म्हणून पेन्शनच्या कारकुनाचा विधवेला एक प्रश्न ठरलेला असे: लग्न कधी झालं?

त्याचं बरोबर उत्तर मात्र बदलत राहिलं. १८३६च्या कायद्यानुसार नवऱ्याची फौजेतली नोकरी संपण्याआधी लग्न झालेलं हवं होतं. दोन वर्षांनी मुदत १७९४च्या आरंभापर्यंत आली, १८४८ साली १८००च्या आरंभापर्यंत, आणि १८५३ साली तारखेची अटच गेली. मुदत सैल होई तोवर पुष्कळशा जुन्या विधवा मरून गेलेल्या असत, त्यामुळे औदार्य सरकारला स्वस्तात पडे. एस्थरबाई इतक्या जगतील याचा अंदाज कुणाला नव्हता.

दुसरा प्रश्न त्याहून बोचरा होता: पुन्हा लग्न केलं का? १७८० साली अधिकाऱ्यांच्या विधवांना सात वर्षं अर्धा पगार द्यायचं ठरलं, तेव्हाच ही मेख मारून ठेवली होती. यादवी युद्धाच्या धुमाळीत झालेल्या १८६२च्या कायद्यानं साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर दिले, तेही पुनर्विवाह होईपर्यंतच. आपल्या बोलीत सांगायचं तर पाट लावला की पेन्शन बंद.

मग व्हायचं तेच झालं. काही बायका पुरुषासोबत संसार मांडत, पण लग्न लावत नसत. सरकारनंही डाव ओळखला. १८८२च्या कायद्यानं ठरवलं की विधवा उघडपणे परपुरुषाबरोबर राहत असेल तर त्या दिवसापासून पेन्शन संपली. पेन्शन खात्याचे तपासनीस गावोगाव जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेऊ लागले. कोण कुणाच्या घरी राहतं, याच्या सरकारी चौकश्या झाल्या. त्या फायली आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. लग्नाच्या पुराव्यासाठी बायबलमधून फाडलेली पानं आणि नवऱ्याची रणांगणावरून आलेली पत्रंही त्यांत सापडतात. ज्या बाईनं असं पत्र जपून ठेवलं होतं, तिला पोटासाठी ते कारकुनाच्या हवाली करावं लागलं.

जिच्याकडे कागदच नव्हता तिची गत वेगळी. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागा नव्हती, त्यामुळे संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूनं लढून मेलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाची बायको कायद्याच्या नजरेत बायकोच नव्हती. एप्रिल १८६४मध्ये फोर्ट पिलो या किल्ल्यावर अशा सैनिकांची कत्तल झाली. तिथं पडलेले मेजर बूथ गोरे होते. त्यांची विधवा मेरी बूथ लिंकनना भेटली ती या कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकापोरांची बाजू घेऊन. लिंकननी तिला चिठ्ठी देऊन सेनेटर चार्ल्स समनर यांच्याकडे धाडलं. त्याच वर्षी ४ जुलैच्या कायद्यानं, ही जोडपी दोन वर्षं नवरा-बायको म्हणून राहत होती एवढा पुरावा पुरेसा मानला. या साऱ्या रुक्ष इतिहासात कायदा माणसापुढे थोडा वाकला, असा हा एक प्रसंग.

वृद्ध सैनिकांची लग्नं मात्र थांबली नाहीत. मोझ ट्रिप्लेट हे यादवी युद्धात आधी दक्षिणेकडून आणि मग पळून जाऊन उत्तरेकडून लढलेले गृहस्थ. पहिली बायको वारल्यावर १९२४ साली त्यांनी आपल्याहून पन्नासएक वर्षांनी लहान बाईशी लग्न केलं. १९३० साली मुलगी झाली. आयरीन ट्रिप्लेट नावाची ही मुलगी ३१ मे २०२० रोजी वारली, तोपर्यंत अमेरिकन सरकार तिला यादवी युद्धाची पेन्शन देत होतं. महिना ७३ डॉलर १३ सेंट.

ही सगळी पेन्शन युद्धातल्या सेवेपोटी, सरकारी तिजोरीतून मिळे. नोकरीची वर्षं भरून सुखरूप घरी आलेल्या सैनिकाचं निवृत्तिवेतन मात्र त्याच्याबरोबरच मरत असे. १९५३ साली त्यावर पहिला उपाय निघाला: आपल्याच वेतनातून कपात करून घ्यायची आणि मागे बायकोमुलांची सोय लावायची. योजना महाग होती आणि निर्णय निवृत्तीच्या कितीतरी आधी घ्यावा लागे. शिवाय निवृत्तीच्या दिवशी जी बायको होती तीच धरली जाई, नंतर आलेली नाही. शंभरांतले पंधराएक जणच तिच्या वाटेला गेले.

२१ सप्टेंबर १९७२पासून ‘सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन’ लागू झाला. याला सरकारचा टेकू होता. आजचा हिशेब सोपा आहे: निवृत्त सैनिकानं हजार डॉलरच्या आधाररकमेवर महिना ६५ डॉलर भरायचे, मागे जोडीदाराला ५५० मिळतात. निवृत्तीनंतर लग्न केलेल्यांनाही आता दार उघडलं, पण दारात तोच जुना कारकून बसलेला. नव्या बायकोला हक्क मिळण्याआधी लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, किंवा त्या लग्नातून मूल हवं. १९७६ साली दोनाचं एक वर्ष झालं. मरणाच्या दारातल्या माणसाशी पेन्शनसाठी कुणी लग्न करू नये, ही १८३६ची धास्ती अजून जिवंत होती.

दुसरं लग्न करणाऱ्या निवृत्त सैनिकाची परीक्षा असते ती या एका वर्षात. पहिली बायको वारली किंवा घटस्फोट झाला आणि कार्यालयाला कळवलं, की हप्ता थांबतो. नवीन लग्न झाल्यावर त्यानं वर्षाच्या आत सांगायचं: संरक्षण पूर्वीइतकंच ठेवायचं, वाढवायचं की नको. गप्प राहिला तर लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी जुनंच संरक्षण आपोआप नव्या बायकोला लागू होतं. लग्नच कळवलं नसेल तर थकलेले हप्ते मागाहून एकदम वसूल होतात. संसाराच्या नव्या नवलाईत फॉर्म कुणाला आठवतो, पण खात्याची फाइल विसरत नाही. घटस्फोटाच्या निकालात न्यायालयानं पहिल्या बायकोचं नाव बांधून टाकलं असेल, तर दुसरीच्या हाती काहीच लागत नाही. खरा फास आहे तो निवृत्तीच्या दिवशी बायको असून नकार देणाऱ्याला. तो नकार पुढच्या बायकोलाही चिकटतो. नवऱ्यानं तिशीतल्या पहिल्या बायकोच्या वेळी घेतलेल्या निर्णयाची किंमत साठीतल्या दुसरीनं मोजावी, हा न्याय पटण्यासारखा नाही.

विधवेला विचारला जाणारा दुसरा प्रश्नही टिकून आहे. पंचावन्नच्या आत पुनर्विवाह केला तर तिची रक्कम थांबते, ते लग्न मोडलं किंवा दुसरा नवरा वारला तर पुन्हा सुरू होते. पंचावन्ननंतर तिनं खुशाल लग्न करावं. पूर्वी हे वय साठ होतं. आपल्याकडे कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी पुनर्विवाह न केल्याचा दाखला बँकेत देणाऱ्या बायकांना हे नवं वाटणार नाही. निवृत्तीनंतर केलेल्या बायकोलाही कुटुंबनिवृत्तिवेतन द्यायलाच हवं, हे भारतात सर्वोच्च न्यायालयाला १९८९ साली भगवंती खटल्यात सांगावं लागलं.

अमेरिकेत आधी नकार दिलेल्यांसाठी कायदेमंडळ अधूनमधून खिडकी उघडतं. १९९२, १९९९ आणि २००५ साली ती उघडली होती. त्यानंतर डिसेंबर २०२२मध्ये उघडली, आणि मागचे सारे हप्ते व्याजासकट भरायची तयारी असलेल्यांना आत घेऊन १ जानेवारी २०२४ रोजी बंद झाली.