जुन्या ट्रकचं नवं स्टेअरिंग : एका दुर्लक्षित दुरुस्तीचा इतिहास

जुने ट्रक मूळ रूपात आणायची हौस अलीकडे वाढली आहे. रंग, दिवे, लाकडी बॉडी असं सगळं शोधून शोधून बसवतात. या खटाटोपात एक वस्तू हमखास भंगारात जाते, ती म्हणजे मागाहून बसवलेलं पॉवर स्टेअरिंग. कारण काय, तर ते कंपनीचं नाही. मला हे पटत नाही. तो पंप आणि तो बॉक्स त्या गाडीच्या कष्टाच्या वर्षांचा पुरावा आहे. बेळगावच्या मालवाहतुकीचा इतिहास लिहायचा असेल, तर तो पुसून चालणार नाही.

जड चाकाचा काळ

1954 साली टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार 1969 ला संपला, तरी आपल्याकडे ड्रायव्हर मंडळी पुढेही कितीतरी वर्षं टाटाच्या ट्रकला 'बेंझ गाडी'च म्हणत. बेळगावाहून हे ट्रक आंबोली घाट उतरून सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आणि गोव्याकडे जात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खाणींतलं बॉक्साइटही ट्रकांनीच बेळगावच्या ॲल्युमिनियम कारखान्यात येई.

दोन ॲक्सलच्या ट्रकला पुढच्या ॲक्सलवर 6 टनांपर्यंत भार घ्यायची कायद्याने मुभा होती. 2018 मध्ये ती 7 टन झाली. एवढा भार असलेली चाकं नुसत्या हातांनी वळवायची, तर स्टेअरिंग बॉक्समधल्या गिअरचं प्रमाण वाढवावं लागतं. मग जोर कमी लागतो, पण चाक जास्त वेळा फिरवावं लागतं. घाटातल्या आखूड वळणावर ड्रायव्हर अंगाचा भार टाकून चाक ओढायचा तो यामुळे. त्याहून वाईट अवस्था रविवार पेठेसारख्या अरुंद बाजारात. उभ्या गाडीचे टायर जागच्या जागी वळवणं हे सगळ्यात जड काम. खांदेदुखी हा त्या धंद्याचा भागच होता.

पहिला प्रयोगही जुन्याच गाडीवर

अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचे इंजिनिअर होते. जड ट्रकचा त्रास त्यांनी जवळून पाहिला होता. नोकरी सोडून त्यांनी वॉल्थॅम गावी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग तयार केलं आणि 1920 च्या दशकाच्या मध्यावर ते बसवलं 1921 सालच्या एका पिअर्स-ॲरो मोटारीत. म्हणजे हा महत्त्वाचा प्रयोगही जुन्या गाडीत नवा भाग बसवूनच झाला! खर्चापायी मोटार कंपन्या मागे हटल्या. सर्वसाधारण विक्रीच्या मोटारीत ते आलं 1951 ला, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात झेडएफ स्टेअरिंग गिअर ही कंपनी 1981 मध्ये स्थापन झाली. तिचा कारखाना वढू बुद्रुकचा. आपण इतिहासवाले त्या गावी संभाजी महाराजांच्या समाधीसाठी जातो, तेव्हा या कारखान्याचीही नोंद घ्यावी. 1987 मध्ये राणे समूहाने अमेरिकेच्या टीआरडब्ल्यूबरोबर पॉवर स्टेअरिंगची कंपनी काढली. नव्या ट्रकची सोय होऊ लागली. पण एकाच गाडीवर घर चालवणारा मालक स्टेअरिंगसाठी नवा ट्रक कुठून घेणार? त्याने मिस्त्री गाठला.

जोडणी

बाहेरून हे काम सोपं वाटतं. पंप, तेलाची टाकी, दोन नळ्या आणि नवा बॉक्स. बॉक्सच्या आतच पिस्टन असतो. ड्रायव्हरने चाक थोडं पिळलं की व्हॉल्व उघडतो आणि 100 ते 150 बारच्या आसपास दाबाचं तेल पिस्टनला ढकलतं. इंजिन बंद पडलं तरी गिअरची जोडणी कायम असल्याने गाडी वळते, फक्त चाक जड होतं.

खरी कसोटी जुन्या चासीवर. नव्या बॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे जाड प्लेट घालावी लागते. इंजिनवर पंपाला जागा नसेल तर वेगळं ब्रॅकेट करून बेल्टने फिरवायचा. बॉक्स दुसऱ्या मॉडेलचा असेल तर चाक उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळू शकते! ड्रॉप आर्मची लांबी तर फार जपायची. ती चुकली तर खड्ड्यात स्प्रिंग दबल्याबरोबर गाडी आपोआप एका बाजूला ओढते. शेवटी पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन चालू ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. टाकीतला फेस थांबला म्हणजे हवा निघाली.

एवढा विचार मिस्त्रीने लेथ, वेल्डिंग आणि नजरेच्या जोरावर केला. मी इंजिनिअर आहे, म्हणून सांगतो, ड्रॉप आर्मचं गणित कागदावरही सोपं नाही.

नोंद कुठे आहे?

आरसी बुकात इंजिन नंबर, चासी नंबर, टायरचा आकार, रिकाम्या गाडीचं वजन असतं. स्टेअरिंगचा रकाना नसतो. गॅरेजच्या वह्या रद्दीत गेल्या. त्यामुळे हा बदल कधी आणि कोणी केला, याचं उत्तर लोखंडातच शोधावं लागतं. चासीवरची जादा भोकं, वेल्डिंगचा जोड, पंपावरची कंपनीची पट्टी. पट्टीवरून निदान एवढं ठरतं, की काम त्या कंपनीच्या स्थापनेआधीचं नाही. वाड्याच्या भिंतीत मागाहून घातलेली वीट पाहून आपण काळ ठरवतो, तशीच ही पद्धत.

म्हणून संग्राहकांना विनंती : पॉवर स्टेअरिंग काढायचंच ठरलं, तर आधी फोटो काढा, मापं घ्या, पट्टीवरचे आकडे उतरवून ठेवा आणि सुटे भाग गाडीबरोबरच जपा. आणि उद्यमबागेत किंवा हायवेच्या कडेला असं काम केलेले मिस्त्री भेटले, तर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. त्यांची पिढी आता थकली आहे, आणि ही विद्या कोणी लिहून ठेवलेली नाही.