स्किफलची वाद्ये : उणीव आणि परंपरा

संगीताच्या इतिहासात वाद्यांची दोन दालने नकळत पाडली जातात. कारागिराने घडवलेली वाद्ये एका दालनात असतात, तर घरातल्या वस्तूंतून उभी केलेली 'कामचलाऊ' वाद्ये दुसऱ्या. या दुसऱ्या दालनाविषयी बोलताना इतिहासकाराची भाषा बहुधा उणिवेची असते : अमुक परवडत नव्हते, म्हणून तमुक वापरले. स्किफल या संगीतप्रकाराची कथाही अशीच सांगितली जाते. ही भाषा अर्धीच खरी आहे, असे आम्हांला वाटते. मौखिक परंपरेतील रचनांकडे लिखित काव्याची कच्ची आवृत्ती म्हणून पाहणारी दृष्टी याच जातीची असल्याने साहित्याच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न जवळचा वाटावा.

स्किफलचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर मुलांची पथके सिगारच्या पेटीपासून केलेली तंतुवाद्ये वाजवीत. पुढे लुइव्हिल व मेम्फिस येथे 'जग बँड' उदयास आले. विल शेड याच्या 'मेम्फिस जग बँड'ची ध्वनिमुद्रणे १९२७ पासून झाली. उत्तरेकडील शहरांत घरभाडे भरण्यासाठी लोक आपल्याच खोलीत गाण्याबजावण्याची मैफल भरवीत आणि आलेल्यांकडून पैसे घेत. अशा मैफलींच्या संगीताशी 'स्किफल' हा शब्द जोडला गेला, आणि १९२९ मध्ये पॅरामाउंट कंपनीच्या 'होमटाउन स्किफल' या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातही तो आला.

या मैफलींतील वाद्ये पाहू. कपडे घासण्याची पन्हळी पत्र्याची फळी, म्हणजे वॉशबोर्ड, मांडीवर किंवा छातीशी धरायची आणि बोटांत शिंप्याची अंगुस्ताने घालून तिच्यावर ताल धरायचा. बुधल्याच्या तोंडाशी ओठ थरथरवून सूर काढला की बुधल्याची पोकळी त्याला घुमारा देते. कंगव्यावर पातळ कागद धरून गुणगुणले, की कागदाच्या कंपनाने माणसाचाच आवाज वेगळा होऊन बाहेर पडतो. काझूचे तत्त्वही हेच.

या सर्वांत विचार करायला लावणारे वाद्य म्हणजे धुण्याच्या टबाचा बेस. पत्र्याचा टब पालथा घालतात, त्याच्या मध्यभागी भोक पाडून दोरी ओवतात आणि तिचे दुसरे टोक झाडूच्या दांड्याच्या शेंड्याला बांधतात. दांड्याचा पाया टबाच्या कडेवर टेकवलेला असतो. दांडा मागे ओढला की दोरी ताणली जाऊन सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. सुरांच्या जागा कुठेही आखलेल्या नाहीत; त्या वादकाच्या हाताला आणि कानालाच ठाऊक असतात.

हे वाद्य म्हणजे डबल बेसची गरिबाघरची नक्कल, असा समज सहज होतो. परंतु मध्य आफ्रिकेत 'भूधनुष्य' म्हणता येईल असे एक वाद्य आहे. जमिनीत खड्डा खणून तो कातड्याने किंवा सालीने झाकतात आणि त्या आच्छादनापासून वाकवलेल्या लवचीक काठीपर्यंत दोरी ताणतात. गुलामगिरीच्या मार्गाने अटलांटिकपार गेलेल्या माणसांबरोबर हे तत्त्व हैती आणि क्युबा येथेही पोहोचले. टबाचा बेस याच कुळातला मानला जातो. खड्ड्याच्या जागी टब आला, लवचीक काठीच्या जागी झाडूचा दांडा आला; हातातले ज्ञान मात्र तेच राहिले.

ताण बदलून सूर हलवण्याची ही युक्ती मराठी वाचकाला अपरिचित नाही. यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके याच तत्त्वावर बोलते. राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) या कादंबरीने त्याचे नाव आपल्या साहित्यात रुजवले आहे. टबाचा बेस आणि चौंडके यांच्यात वंशाचे नाते आहे, असा आमचा दावा नाही. पण चौंडक्याला कोणी सतारीची गरीब नक्कल म्हणत नाही, मग टबालाच ही वागणूक का, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

ब्रिटनमध्ये मात्र या वाद्यांचा अर्थ पालटला. युद्धोत्तर टंचाईचा तो काळ. अन्नाचे रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत चालू होते. केन कॉलियरच्या जॅझ पथकातील वादक १९५३ मध्ये कार्यक्रमाच्या मध्यंतरात स्किफल वाजवू लागले. त्यांच्यापैकी लॉनी डोनेगन याने जुलै १९५४ मध्ये 'रॉक आयलंड लाइन' ध्वनिमुद्रित केले. जॉन लोमॅक्स यांनी १९३४ मध्ये आर्कान्सातील तुरुंगात कैद्यांच्या तोंडून नोंदवलेले हे गाणे. डोनेगनच्या ध्वनिमुद्रणात बेरिल ब्रायडन यांनी वॉशबोर्ड वाजवला. १९५६ मध्ये हे गाणे गाजले आणि गावोगावच्या मुलांनी आपापली पथके काढली.

या मुलांनी टबाऐवजी चहाचे खोके घेतले. भारत-सिलोनच्या मळ्यांतून चहा ब्रिटनला जाई तो पातळ प्लायवूडच्या, पत्र्याच्या कडा ठोकलेल्या खोक्यांत. रिकामे झालेले हे खोके घर बदलताना सामान भरायला उपयोगी पडे. वजनाने हलके आणि आतून पोकळ असल्याने ते बेसचा घुमारा देण्यासही योग्य ठरले. आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले एक तत्त्व अशा रीतीने वसाहतींच्या व्यापारातील रिकाम्या खोक्यावर येऊन बसले.

लिव्हरपूलच्या 'क्वारीमेन' पथकातही चहाचे खोके आणि वॉशबोर्ड होते. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन येथील चर्चच्या जत्रेत या पथकाने वाजवले, त्याच दिवशी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट झाली. पथकाचा वॉशबोर्डवादक पीट शॉटन याने पुढे सांगितले, की लेननने तो वॉशबोर्ड त्याच्याच डोक्यावर फोडला आणि त्याचे वादन तिथेच संपले. ब्रिटिश मुलांच्या लेखी ही वाद्ये शिडीसारखी होती : वर चढून गेल्यावर टाकून देण्याजोगी. 'उणीव' हा शब्द लागू पडतो तो इथे.

त्याच वर्षी चास मॅकडेविट यांच्या पथकाचे 'फ्रेट ट्रेन' लोकप्रिय झाले. ते रचले होते एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय स्त्रीने, बालवयात. तिचे आयुष्य इतरांच्या घरी कामे करण्यात गेले. ती सीगर कुटुंबाकडे कामाला असताना तिचे गाणे पेगी सीगर यांच्यामार्फत इंग्लंडला पोहोचले. परंतु ध्वनिमुद्रिकेवर रचनाकार म्हणून भलतीच नावे आली. सीगर कुटुंबाच्या प्रयत्नांनी पुढे तिचे श्रेय तिला परत मिळाले.

गाण्याला निदान कर्ता सापडतो, म्हणून त्याचे श्रेय परत मागता येते. टबाला दोरी बांधणाऱ्या हातांना नाव नाही. अशा वेळी 'कामचलाऊ' या विशेषणाने परंपरेचा उल्लेखच पुसला जातो आणि शिल्लक राहते ती केवळ गरिबी. गरिबी खरी होती, तिचे उदात्तीकरण आम्हांला नको. पण टब का निवडला, याचे उत्तर गरिबी देते. त्यातून सूर कसा काढायचा, याचे उत्तर परंपराच देते. लोकसाहित्य शिकवताना आपण यांतला पहिलाच प्रश्न विचारून थांबत असू, तर आपलीही भाषा उणिवेचीच आहे, असे म्हणावे लागेल.